तात्यांनी न खाल्लेली कचोरी

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही तात्यांना ओळखत नाही, म्हणून असेल.

मी जयपूरला एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. काय खाऊ नये, हे लोकांना सांगण्यातच माझा दिवस जातो. आणि मला सांगायला आवडतं — हेही कबूल करते. आमच्या शेजारी, जयपूरच्या सोडाला भागात, तात्या आणि काकू राहतात. मूळचे अकोल्याचे. तात्या रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. काकूंकडे पाककृतींचं एक जुनं पुस्तक होतं — मुखपृष्ठ कधीच गळून पडलेलं, पानांवर तुपाचे डाग. ते त्यांनी मला दिलं. त्यातले पदार्थ आजच्या तब्येतीला झेपतील असे बदलून मी नवं पुस्तक लिहीत होते ना!

एका वाटी डाळीला एक वाटी गूळ, असं पुरणपोळीच्या पानावर छापलेलं. मी तो पाव वाटीवर आणला. मैद्याऐवजी कोंड्यासकट कणीक, वरून तूप नाही. कागदावर काय सुरेख दिसत होतं सगळं! त्या जोरावर मी होळीला इथल्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. नवी पोळी खायला घालते, म्हणाले.

पण त्या सकाळी पोळी फाटली. पुरण कोरडं पडलेलं, लाटलं की कडेनं बाहेर. दुसरी फाटली, तिसरीही. अकरा वाजले. आणि मी — काय केलं असेल मी? काकूंचं पुस्तक उघडलं आणि त्यातल्याप्रमाणे गूळ घातला. अख्खी वाटी. उलथनं पुरणात ताठ उभं राहिलं तेव्हा मला हायसं वाटलं, ते अजून आठवतं. कोंड्याच्या कणकेऐवजी मैदा, वरून तूप — सगळं जुनंच केलं. कोणालाही काही सांगितलं नाही.

तात्यांना मधुमेह. सहा वर्षांत त्यांनी पुरणपोळी तोंडात घातली नव्हती. पान वाढल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालते ना मले हे, पोरी?" सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "बिनधास्त खा, तात्या." ते चार खाऊन उठले. उरलेल्या आठ मी डब्यात भरून दिल्या. माझ्या हातांनी. तेव्हा तरी मला थांबता आलं नसतं का?

तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. शुगर भलतीच चढली होती. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा — तो इथेच वाढलेला — त्यांना विचारत होता, "पप्पा, मतलब, कोपऱ्यावरची ती पाकातली मावा कचोरी खाल्ली ना तुम्ही?" तात्या सारखे नाही म्हणत होते. फक्त पोळ्याच खाल्ल्या म्हणत होते. काकू चिडल्या. हिच्या पोळीत गूळ असतो कुठे, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. खरंच आहे, अशी मी मान हलवली.

बरे झाल्यावर तात्या आमच्या दारात आले. आत आलेच नाहीत. "मले याद नाही पोरी, पण खाल्ली असन म्या कचोरी. माह्यापाई तुह्या पोळीचं नाव खराब झालं." शरमेनं त्यांना वर बघवत नव्हतं. म्हाताऱ्याला स्वतःच्याच आठवणीवर संशय घ्यायला लावला मी. आणि म्हणाले काय? जाऊ द्या हो तात्या, होतं असं.

पुस्तक निघालं. त्यात पाव वाटी गूळच छापला आहे, आणि खाली, ही पोळी मधुमेह असलेल्या शेजाऱ्यांनीही आवडीने खाल्ली, असं. पोळी फाटते म्हणून बायका मला विचारतात. हात बसला की जमेल, असं मी कळवते.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. काकू अजून गोडाच्या कपाटाला कुलूप लावतात. नातवंडं तात्यांना कचोरीचोर म्हणतात, आणि तेही हसतात. संध्याकाळी फिरायला निघाले की कोपऱ्यावरचं ते दुकान टाळून पलीकडच्या बाजूने जातात. मला ते गॅलरीतून दिसतं.

तात्यांनी कचोरी खाल्ली नव्हती. गूळ अख्खी वाटी होता, आणि तो मी घातला होता.