टिकलीला सुट्टी

आमच्या आईची टिकली दर वर्षी मोठी होत होती आणि घरात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. नव्वदीच्या दशकात महाद्वार रोडवर पाकिटातल्या मखमली टिकल्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हाच आईनं कुंकवाचा करंडा फडताळात ठेवून दिला होता. आधी मसुराएवढी टिकली, मग वाटाण्याएवढी. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तोवर ती आठ आण्याच्या नाण्याएवढी झाली होती. मला वाटलं, होणारी सासूबाई म्हणून रुबाब वाढवतेय.

एका रविवारी न्हाऊन आलेल्या आईच्या कपाळावर मला पांढराफटक डाग दिसला. ती आधी माझ्यावरच ओरडली, मग मटकन खाली बसून रडायला लागली.

"कोड हाय गं. पावण्यांना कळलं तर तुला कोण सून करून घेईल?"

कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असलं पुस्तकी ज्ञान मी लगेच पाजळलं. पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला.

राजारामपुरीत त्वचारोगाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी भिंगातून डाग बघितला, अंगावर दुसरीकडे कुठे काही नाही याची खात्री केली आणि आईचीच टिकली त्या डागावर धरली. काठाला काठ जुळला.

"टिकलीच्या मागच्या डिंकानं झालंय हे," त्या म्हणाल्या. "त्यातल्या रसायनानं कातडीचा रंग जातो. तुम्ही झाकायला मोठी टिकली लावता, की डाग तिच्याएवढा होतो."

त्यांनी मलम दिलं. शेजारणीनं कोडावरचं औषध म्हणून आणून दिलेलं बावचीचं तेल बंद करायला सांगितलं. रंग परत येईल, पण सावकाश, आणि पूर्ण येईलच असं वचन देत नाही म्हणाल्या. तोवर कपाळावर काही लावायचं नाही, कुंकूसुद्धा.

"आणि लोक काय म्हणतील? माझा नवरा धडधाकट हाय की!"

"मग त्यांनाच बरोबर घेऊन फिरा."

बाई चेष्टेत बोलल्या. आईनं ते मलमाइतकंच मनावर घेतलं.

जन्मात मंडईकडे न फिरकलेले बाबा आता पिशवी धरून तिच्यामागे कपिलतीर्थच्या भाजीबाजारात जायला लागले. "चल, आता मीच तुझी टिकली," असं म्हणत चपला घालायचे. एकदा ओळखीच्या भाजीवालीनं आईच्या कपाळाकडे बघून आवाज उतरवला. "मावशी, कवा झालं ओ?" मागून बाबा गरजले, "आजून व्हायचं हाय! मेथी कशी दिली?"

मग कुरुंदवाडचं स्थळ आलं. मुलगा मला फोटोतच आवडला होता, त्यामुळे माझं सगळं लक्ष आईच्या कपाळाकडे. डागात तपकिरी ठिपके उमटायला लागले होते, पण पांढरं अजून दिसतच होतं. पाहुणे यायच्या आधी आईनं गुपचूप टिकल्यांचं पाकीट काढलं.

"आजच्या दिवस लावते."

"लावलीस तर मी चहा घेऊन बाहेर येणार नाही," मी म्हटलं. ती धमकी नव्हती, मी खरंच आले नसते.

मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांची नजर आईच्या कपाळावरून हटेना. आई पदर पुढं ओढत होती. शेवटी बाबांना राहवेना.

"कोड न्हाय ते. टिकलीच्या डिंकाचा प्रताप हाय," म्हणत त्यांनी डॉक्टरीणबाईंपासून भाजीवालीपर्यंत सगळं ऐकवलं. संपलं, असं माझ्या मनात आलं.

मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "ताई, जरा आत चला."

मीही मागोमाग गेले. स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून त्यांनी स्वतःच्या कपाळावरची भलीमोठी टिकली नखानं सोलून काढली. खाली तसाच पांढरा डाग होता.

"त्या बाईंचा दवाखाना कुठं हाय म्हणला?"

आमच्या लग्नाच्या फोटोत दोन्ही आयांची कपाळं कोरी आहेत. कुणाला शंका नको म्हणून दोन्ही बाप आपापल्या बायकोला इतके खेटून उभे आहेत, की नवरा-नवरी कोण ते आधी शोधावं लागतं.