ऑर्विलला दिलेला स्पंज

अमेरिकेतल्या शेबॉयगन गावात आर्डिस क्रूगरविषयी कुणालाही विचारा, सोन्यासारखी बाई म्हणतील. शाळेची बस चालवून निवृत्त झाली, पण एका पोरावरही कधी आवाज चढवला नाही. फक्त तिच्यासमोर ऑर्विल टेस्कीचं नाव काढू नका. सोनं लगेच काळं पडतं.

नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून आर्डिसने मासे पाळायचं ठरवलं आणि गावातल्या मत्स्यप्रेमींच्या क्लबात नाव घातलं. त्या क्लबाची एक रीत आहे. नव्याने टाकी मांडली की कुणीतरी जुन्याने आपल्या फिल्टरमधला कळकट, बुळबुळीत स्पंज त्याला द्यायचा. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनियाचं विष उतरतं, आणि ते खाऊन टाकणारे सूक्ष्म जीव त्याच बुळबुळीत थरात राहतात. नव्या टाकीत ते नसतातच. थोडक्यात, विरजण. ते मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि त्यात खोट करणाऱ्याला क्लबात थारा नाही.

आर्डिसने स्पंज मागितला तो ऑर्विलकडे, क्लबातल्या जुन्या सभासदाकडे. त्यानेही नाही म्हटलं नाही. थाटात येऊन स्पंज देऊन गेला. "आजच मासे सोड, काही होत नाही." स्पंज पांढराशुभ्र होता. आर्डिसला वाटलं, काय टापटिपीचा माणूस. तिने एंजलफिशची जोडी सोडली. आठवडा सरायच्या आत दोघं आडवे तरंगत होते.

पुढच्या सभेत ऑर्विल म्हणाला, "शुक्रवारी तळलेले मासे खायला बाहेर कशाला जाता? आर्डिसकडे आयते मिळतात." अख्खा हॉल खदाखदा हसला. तिचं नावच पडलं, तळणीवाली.

ऑर्विलची बहीण नॉर्मा केस कापते. तिच्या खुर्चीत बसलेल्याला बातमी फुकट मिळते. आर्डिसची मान बेसिनवर टेकवून ती हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. दादाने तो स्पंज द्यायच्या आधी गरम नळाखाली खळखळून धुतला होता. गंमत केली म्हणे."

आर्डिस रडली नाही, भांडली नाही. घरी जाऊन तिने टाकी उपसली, ताजं पाणी भरलं, आणि या खेपेला कुणाकडेच विरजण मागितलं नाही. नुसत्या पाण्यात ड्रॉपरने अमोनिया सोडायचा आणि ते जीव आपसूक धरायची वाट पाहायची. दर थेंबाला ती "टेस्की" म्हणायची. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीचं औषध टाकायचं. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं झालं तर संपलं. ते संपतंय तोवर दुसरं विष तयार, त्याचा रंग जांभळा. तो निळा होईपर्यंत पुन्हा बसा.

नॉर्मा कॉफीला आली. "यात मासे कुठेत गं?"

"यायचेत."

"मग रिकाम्या पाण्याकडे टक लावून काय बघतेस? लोणचं मुरतंय का?"

"राग मुरतोय," आर्डिस म्हणाली. "घे ना, केक घे."

जांभळ्याचा पक्का निळा झाला तेव्हाच तिने मासे आणले. एकही मेला नाही. एकीच्या चार टाक्या झाल्या.

यंदाच्या हिवाळ्यात ऑर्विल फ्लोरिडात ऊन खात बसला होता आणि इकडे बर्फाच्या वादळात त्याच्या घरची वीज गेली. पंप बंद, फिल्टरमधले स्पंज कुजले. मासे नॉर्माने आपल्या तळघरातल्या धुण्याच्या टबात हलवले म्हणून वाचले. आसपासच्या गावांची स्पर्धा तोंडावर आली होती. परीक्षक घरोघर येऊन टाक्या बघतात आणि चषक दर वर्षी ऑर्विलकडेच जातो. त्यातच क्लबाच्या लिलावातून घरोघरी माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरलेला, म्हणजे त्यांचे स्पंजही बाद. लिलावाकडे न फिरकलेली एकच बाई होती, तळणीवाली.

ऑर्विल चीजची पिशवी घेऊन दारात उभा. "आर्डिस, छान दिसतेस."

"काय हवंय?"

"एक स्पंज."

"धुतलेला की बिनधुतलेला?"

ऑर्विलने बुटांकडे पाहिलं. "नॉर्माचं तोंड म्हणजे ना... गंमत होती गं ती."

"हो, मीही फार हसले. थांब इथेच."

स्वयंपाकघरात तिने गरम नळ सोडला. वाफा निघाल्या. हातात तपकिरी, जिवंत स्पंज. मिनिटभर धरला की झालं. पण नॉर्माच्या टबात घुसमटणाऱ्या माशांनी तिचं काय वाकडं केलं होतं? तिने नळ बंद केला. राग मात्र चालूच होता. स्पंज जागच्या जागी ठेवून ती तळघरातल्या चौथ्या टाकीकडे गेली. तिथे पाणवनस्पतींबरोबर इवल्या गोगलगायी आल्या होत्या, त्यांचा सुळसुळाट झाला होता. त्या टाकीचा स्पंजही फक्कड जिवंत, फक्त खाचाखाचांत त्यांच्या अंड्यांचे गोळे. तिने तो नीट पिशवीत घातला.

"आजच मासे सोड," ती म्हणाली. "काही होत नाही."

खरंच काही झालं नाही. मासे टवटवीत, पाणी आरशासारखं. आणि परीक्षक आले त्या दिवशी काचेवर, पानांवर, थर्मामीटरवर गोगलगायी. परीक्षकाने चष्मा पुसला. "ऑर्विल, स्पर्धेत नक्की काय उतरवलंयस?" चषक दुसऱ्या गावाला गेला.

सभेत ऑर्विल लालबुंद होऊन उठला. "आर्डिसने मला जो स्पंज दिला—"

आर्डिसने कॉफीचा कप खाली ठेवला. "बोल ना, ऑर्विल. कुणी कुणाला कसा स्पंज दिला ते सगळंच बोलू. मला घाई नाही."

 ऑर्विलने एकदा सगळ्या हॉलकडे पाहिलं. "—तो चांगला होता," तो म्हणाला. "मासे जगले. आभार मानायचे राहिले होते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात आर्डिसने.

हल्ली तो रोज सकाळी चिमटा घेऊन टाकीपुढे बसतो, दहा वेचतो तोवर वीस वर येतात. नॉर्मा हे सांगते तेव्हा आर्डिस बेसिनवर डोळे मिटून पडलेली असते. संपलं की म्हणते, "पाणी जरा कोमट कर, आणि पुन्हा पहिल्यापासून सांग."