शेवंतीच्या वाफ्यातला पुदिना

मास्तर निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. कपड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं कटिंग केलेला माणूस. त्यांचा एक हट्टी नियम होता: कातरण फेकायचं नाही. बोटभर चिंधीसुद्धा कुठे तरी लागतेच, उशीत भरायला, नाही तर मशीन पुसायला. कापडापुरतं ठीक होतं हो. मास्तरांनी तोच नियम पुदिन्याला लावला आणि सगळा घोळ करून ठेवला.

पुदिना त्यांच्या मागच्या अंगणातला. बायकोने आधीच बजावलं होतं, "अहो, बादलीत लावा, जमिनीत नको." पण बायकोचं ऐकलं तर ते मास्तर कसले? वर्षभरात पुदिन्याने नळापर्यंत मजल मारली. उपटायला बसले, तर खाली पांढऱ्या मुळ्यांचा धावदोरा. मातीत बुडायचा, वीतभर पुढे जाऊन पुन्हा डोकं वर काढायचा. मास्तरांनी कात्री घेतली, त्या सगळ्या मुळ्यांचे दोन-दोन बोटांचे सारखे तुकडे केले आणि खताच्या ड्रममध्ये टाकले. वाया कशाला घालवायच्या?

त्याच सुमारास त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने ती लेकीकडे राहणार होती. ताईचं घर दोन घरं सोडून. जाताना तिने फाटकाची किल्ली दिली आणि म्हणाली, "बाकी सगळं वाळलं तरी चालेल. शेवंती तेवढी सांभाळ." तो वाफा ताईच्या नवऱ्याने वारण्याआधी स्वतःच्या हाताने लावला होता. मास्तरांना भरून आलं. त्यांनी आपला अख्खा खताचा ड्रम नेला आणि त्या वाफ्यात पसरला.

पंधरा दिवसांत वाफा हिरवागार. मास्तर खूश, खत लागू पडलं म्हणून. मग सहज एक पान चुरगळलं, बोटं नाकाशी नेली, तर पुदिन्याचा वास. एकेक तुकडा उगवला होता. घाईघाईने त्यांनी कुदळीने वाफा खणला, म्हणजे मुळ्यांचे आणखी तुकडे केले. आठवड्याभरात पुदिना दुप्पट झाला आणि शेवंती पिवळी पडायला लागली.

तेव्हापासून माणूस एका जागी बसेना. जेवता जेवता उठायचा, फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. पेपर उलटा धरलाय हेही कळायचं नाही. "पायाला भिंगरी लागलीये का तुमच्या?" बायको विचारायची. "ताईंना खरं सांगून मोकळे व्हा ना."

पण सांगायचं कोणत्या तोंडाने? रोज संध्याकाळी ताईचा फोन. "शेवंती कशी आहे रे?"

"झकास."

"कळ्या धरल्या?"

"धरल्या ना. पाच आहेत." दुसऱ्या दिवशी आठ झाल्या. मग अकरा. मास्तर बोलून जायचे आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडायचे. शेवटी आकडा अठ्ठावीसवर गेला. वाफ्यात कळी औषधालाही नव्हती.

ताई आली ती वॉकर टेकत थेट आपल्या मागच्या दारच्या वाफ्याकडे. "आधी चहा तरी घे," मास्तर मध्ये आडवे आले. तिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. वॉकरच्या पायाने पानं बाजूला सारून बघितलं. मग म्हणाली, "मला खुर्ची दे. टबात पाणी भर. एकेक रोप मातीसकट काढ आणि मुळं धू. पुदिन्याचा दोरा दिसला की हाताने सोडव. कात्री आणायची नाही."

मास्तर उकिडवे बसले. पहिलं रोप धुतलं, दुसरं धुतलं. तिसऱ्याला त्यांचा धीर सुटला. "ताई, चुकलंच माझं. भाऊजींची शेवंती मी..."

"ह्यांच्या हातूनही दोनदा करपली होती ती. झाडाचं सोड." ताईचा आवाज चढला नव्हता. "तिकडे मला पाऊल उचलवत नव्हतं. नको तो व्यायाम, म्हणून रडायचे मी. मग तुझ्याशी फोन व्हायचा. आज आठ, आज अकरा. म्हटलं, फुलायच्या आत घरी पोचायला हवं. त्या कळ्यांसाठी चालायला शिकले रे मी."

 मास्तरांच्या हातातलं रोप तसंच पाण्यात राहिलं होतं.

"धू ते," ताई म्हणाली. "मग पुढचं घे."