चाकाखालची लिंबं

दसऱ्याला आमच्या घरात दोन गाड्यांची पूजा होते. एक दारात उभी असते आणि तिला चार चाकं आहेत. दुसरी आतल्या खोलीत असते, तिला एकही नाही. दोन्हींना कुंकू मीच लावते, झेंडूचे हारही मीच ओवते. चालवतो मात्र दोन्ही माझा नवरा. समोर मी त्याला अहो म्हणते. इथं लिहिताना तो म्हणणार आहे, तेवढं तरी माझ्या हातात आहे.

आम्ही कोपरगावात राहतो. नवऱ्याचं शिर्डीच्या रस्त्याला टायरचं दुकान आहे आणि मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. दारातली गाडी नवी कोरी आली तेव्हा मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि रीतीप्रमाणे चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. नवऱ्यानं गाडी हातभर पुढं घेतली, लिंबं फुटली, शेजाऱ्यांनी पेढे घेतले. मी ताम्हण धरून बाजूला उभी होते. त्या गाडीची किल्ली पुढं माझ्या हातात आली ती डिकीतून भाजीच्या पिशव्या काढण्यापुरती.

मग वर्षभरानं रिग आली. घरबसल्या शर्यतीची गाडी चालवायचं यंत्र असतं, त्याला रिग म्हणतात हे मला तेव्हा कळलं. लोखंडी सांगाडा दुकानाशेजारच्या वेल्डरनं करून दिला. त्यावर भंगारातल्या कुठल्याशा गाडीची सीट बसवली. पुढं स्टिअरिंग, खाली तीन पेडल, डाव्या हाताशी गिअर, समोर भिंतभर टीव्ही आणि बाजूला कॉम्प्युटर. हे सगळं आतल्या खोलीत बसेना, म्हणून तिथली खाट उभी करून जिन्याखाली गेली. माझी आई यायची तेव्हा त्या खाटेवर झोपायची.

"आई येत्यात कितींदा?" नवरा म्हणाला. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी एवढंच म्हटलं, "एका खेळासाठी अख्खी खोली?"

तर तो भडकलाच. "ह्याला खेळ म्हनू नको. खऱ्या गाडीत आन् ह्याच्यात काडीचा फरक न्हाई. मोठमोठे रेसर ह्याच्यावरच शिकत्यात." पुढचे कित्येक महिने येईल त्या पाहुण्याला त्यानं हेच ऐकवलं. मीही चहा देता देता ऐकत राहिले.

माझं माहेर पारनेरच्या पुढं आहे, फाट्यापासून आत. वडील गेल्यापासून आई एकटीच असते. मला भाऊ नाही. जमीन वाट्यानं दिलेली, दारात दोन शेळ्या. त्या शेळ्यांपायी ती इकडं येऊन राहत नाही आणि मला तिकडं जायचं तर एसटीनं नगर, तिथून पारनेरची गाडी, तिथून मिळेल ती जीप. सगळा दिवस मोडतो. दारातल्या गाडीनं सकाळी निघून जेवायला पोचता येतं. पण नवऱ्याला आठवडाभर दुकान आणि रविवारी शर्यत. रविवारी दुपारी त्याचे तीन मित्र येतात, आळीपाळीनं रिगवर बसतात, परदेशातल्या ट्रॅकवर फेऱ्या मारतात आणि एकमेकांची वेळ बघून ओरडतात. "पुढच्या रविवारी जाऊ" हे वाक्य मी इतकं ऐकलं की शेवटी मी विचारणंच सोडून दिलं. गाडी शिकायची ठरवली.

सुरुवात रिगवरच केली. शाळा सकाळची, दुपारी घरी मी एकटीच. नवऱ्यानंही मोठ्या मनानं परवानगी दिली. "बस की, कोन नको म्हनतंय?"

रिगबद्दल खरं ते सांगायला हवं. ते यंत्र खोटं नाही. स्टिअरिंगच्या आत मोटर असते आणि ती हात अशी ओढते की पहिल्या दिवशी माझी मनगटं दुखली. ट्रॅकच्या कडेला चाक गेलं की तळव्यांना थरथर कळते. फक्त अंगाला वळण कळत नाही. डोळे म्हणतात आपण वळलो, सीट म्हणते कुठं, आणि या भांडणात मला मळमळायचं. मी आलेपाक तोंडात धरून वळणं शिकले. धडकलं तर टीव्हीवर काच तडकते, एक बटन दाबलं की गाडी पुन्हा रस्त्यावर नवी कोरी उभी. मला ते बटन आवडायचं नाही, पण दाबायचे.

मग ड्रायव्हिंग स्कूल लावलं. शिकवणारे काका वयस्कर होते, त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. पहिल्याच दिवशी मी रिगवर दाबते तसा ब्रेक दाबला, सगळा जोर लावून. काका काचेवर आदळता आदळता वाचले.

"म्याडम, हळू! डोकं फुटंल की माजं!"

रिगवरचा ब्रेक दगडासारखा असतो, खऱ्या गाडीचा पायाखाली मऊ जातो. दोनचार दिवसांत पाय सुधारला. काका खूश झाले, तरी कुरकुर चालूच. "हात लई बसल्याला हाय तुमचा. पन मान का वळत न्हाई? आरशात कोन बगनार, मी?" त्यांचं बरोबर होतं. माझं सगळं शिक्षण समोरच्या भिंतीकडं बघून झालेलं. पाठीमागून, डावीकडून, कुठूनही माणूस येतो हे रिगनं मला शिकवलंच नव्हतं. आणि समोरून तर तिथं कुणीच येत नाही, सगळे एकाच दिशेनं पळत असतात. हॉर्नला एक बटन आहे, पण हॉर्न ऐकायला कुणी नाही.

आमच्या रस्त्यावर समोरून काय काय येतं! हंगामात एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागची ट्रॉली आपल्याच नादात डुलत येते. शिर्डीला चालत निघालेली माणसं कडेकडेनं, गळ्यात टॉवेल, पायाला पट्ट्या. उलट्या बाजूनं येणारा मोटरसायकलवाला, तोही आपल्यालाच हात करून बाजूला व्हायला सांगणारा. पहिल्यांदा अशी ट्रॉली ओलांडली तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटला. आणि सांगते, मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मी डावीकडच्या सीटवर बसून भीत होते, ती भीती फुकट जायची. ही माझ्या कामाला येत होती.

लायसन मिळालं. मी आईला फोन केला. आई आयुष्यभर जीपमध्ये मागं बसली, बायकांच्यात, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन.

"तू चालवनार?" ती म्हणाली. "मंग मी म्होरं बसनार. आदीच सांगून ठिवते."

नवरा म्हणाला, "वा! पेढे आन." पेढे मी आणले. त्यानं खाल्ले. किल्ली खुंटीवरून घेऊन खिशात टाकली आणि दुकानात गेला.

पुढची कारणं मी पाठ म्हणून दाखवू शकते. आता उसाचा हंगाम हाय, ट्रॉल्या संपू दे. हंगाम संपला तर ऊन आलं, उन्हात टायर फुटत्यात, मला इचार, माजा धंदा हाय. मग पाऊस, पावसात टायर घसरत्यात. टायरवाल्याशी संसार केल्यावर बारा महिन्यांत एकही दिवस गाडी चालवण्याजोगा नसतो. एवढे दिवस तो स्वतः मात्र तीच गाडी घेऊन ऊन, पाऊस, ट्रॉल्या यांतून रोज बिनघोर जात होता. तो चांगली चालवतो, ते मी नाकारत नाही.

नवरात्रात मी भांडले. चांगली आवाज चढवून भांडले. तेव्हा त्यानं अट घातली. त्याचा एक आवडता ट्रॅक होता, डोंगरातला, वळणावळणांचा. "त्याच्यावर एक फेरी मार. कुटं धडकायचं न्हाई, चाक रस्त्याखाली जायला नको. मारली की किल्ली तुजी."

"आणि वेळ?"

"येळेचं ऱ्हाऊ दे. ते न्हाई जमायचं तुला."

सरकारनं खऱ्या रस्त्यावर परीक्षा घेऊन मला पास केलं होतं, तरी मी ही अट मान्य केली. अजून मला संताप येतो, नवऱ्याचा आणि माझाही. पण किल्ली हवी होती. रोज दुपारी जेवण झालं की मी त्या डोंगरात. एक वळण उतारावर होतं, उजवीकडं आत आत वळत जाणारं, तिथं माझी गाडी हमखास कठड्याला लागायची. मी शाळेत वह्या तपासताना ते वळण डोक्यात घेत होते. आईला सांगून टाकलं, दिवाळीची सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन येते. तिनं ते साऱ्या गल्लीला सांगितलं असणार, ती गप्प बसणारी नाहीच.

सुट्टी लागायच्या आधीच्या रविवारी मित्र जमले होते. मी चहा दिला आणि नवऱ्याला म्हटलं, "उठा. मला बसायचंय."

हसले सगळे, पण जागा दिली. मी पदर खोचला, चपला काढल्या. अनवाणी पायाला ब्रेक नीट कळतो. पहिली वळणं गेली. मागं कुणीतरी बशीत चहा ओतत होतं, तो आवाज थांबला. उतारावरचं ते वळण आलं. मी आधीच गिअर खाली घेतला, ब्रेक धरून ठेवला आणि स्टिअरिंग हात ओढायला लागलं तशी मी त्याला ओढू दिलं नाही. कठडा डावीकडून निघून गेला. बाकीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. फेरी पुरी झाली, कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

एक मित्र टाळ्या वाजवून म्हणाला, "वहिनी, लई भारी! आता पारनेरला गाडी तुमीच न्या."

मी सीटवरूनच हात पुढं केला. "किल्ली."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग मित्रांकडं. आणि हसला. "अगं, खुळी का काय? हे काय खरं हाय? गेम येगळा, रस्ता येगळा. हितं मेलं तर बटन हाय."

सगळे हसले. टाळ्या वाजवणाराही हसला.

"लायसन मला रस्त्यावर चालवूनच मिळालंय," मी म्हटलं.

"ते गावातल्या गावात. चहा गार झाला, परत टाक जरा."

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की तो खोटं बोलला नव्हता. गेम वेगळा आणि रस्ता वेगळा, हे मला त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं, मी दोन्हींकडं नवशिकी म्हणून गेले होते. पण रिग घ्यायची होती तेव्हा काडीचा फरक नव्हता. आईची खाट हलवायची होती तेव्हाही नव्हता. किल्ली द्यायची वेळ आली आणि फरक पडला. माझ्या हाताची त्याला भीती नव्हतीच. मी एकदा त्या गाडीतून पारनेरला गेले असते, तर पुन्हा कधी त्याला "कधी जायचं?" असं विचारलं नसतं. एवढंच त्याला नको होतं.

चहा मी टाकला. निमूट ऐकण्याचा तो माझा शेवटचा शहाणपणा.

सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं निघाले. आईला फोन करून सांगायचं होतं, नगरपर्यंत मोबाईल हातात धरून बसले आणि केला नाही. काय सांगणार? फाट्यावर जीपमधून उतरले, बॅग घेऊन आत चालत गेले. वळणावरूनच आई दिसली. ओट्यावर नवं लुगडं नेसून उभी होती, शेजारच्या दोघी तिच्याबरोबर. हातात ताम्हण, त्यात हळदकुंकू, निरांजन, एक नारळ आणि चार लिंबं.

ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मागं, रस्त्याकडं बघत होती.

"गाडी फाट्यावर लावली व्हय?" तिनं विचारलं.

"न्हाई आई. यष्टीनं आले."

शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. आईनं ताम्हण खाली केलं. "बरं झालं न्हाई आनली," ती मोठ्यानं म्हणाली, त्या दोघींना ऐकू जावं असं. "हिकडचा रस्ता लई बेकार. नवी गाडी, खालनं घासली असती." मग निरांजन फुंकून विझवलं आणि मला म्हणाली, "उनातनं आलीस. बस."

मी ओट्यावर बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही, नुसता राग आला होता. थोड्या वेळानं आई तांब्याभर सरबत घेऊन आली. पेला भरून मला दिला, शेजारणींना दिला, उरलेलं स्वतः घेतलं. फार आंबट झालं होतं. मी पेला ठेवायला आत गेले तेव्हा चुलीजवळ साली पडलेल्या दिसल्या. आईनं चारही लिंबं पिळली होती. पुढच्या खेपेसाठी एकही मागं ठेवलं नव्हतं.