दोन्ही हातांत चप्पल

संघमित्रा सव्वा वर्षाची झाली तेव्हा तिच्याकडे एकच शब्द होता, 'नाय', आणि तो तिला पुरत होता. दूध हवं असलं तरी ती आधी नाय म्हणायची, मग पेल्यावर झडप घालायची. घरात तिला मित्रा म्हणत. तिचे आजोबा दत्ताराम म्हणायचे, ही आमच्या युनियनमध्ये असती तर पहिल्याच दिवशी पुढारी झाली असती. समोरचा काय देतोय हे बघण्याआधी नाय म्हणायचं, एवढं शिकायला आम्हांला दहा वर्षं लागली.

दत्ताराम माझगावच्या गोदीत बत्तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशात सपाटी बघायची बोटभर लांबीची लेव्हल असायची, पिवळट पाण्यात एक बुडबुडा अडकलेली. कुणाच्या नव्या घरी गेले की ती आधी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. बुडबुडा मधोमध थांबला की मान डोलवायचे आणि मगच पाणी प्यायचे. सून मनाली टपाल खात्यात, मुलगा राजरत्न विमानतळावर पाळीच्या नोकरीत. त्यामुळे दिवसभर घरात दोघंच, एक सहासष्ट वर्षांचा आणि एक सव्वा.

मित्रा चालायला शिकली ती परळच्या रामजी हरजी चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. दत्तारामांची खोली एका टोकाला होती; चढायचा जिना तिच्या दारात, उतरायचा दुसऱ्या टोकाला, म्हणून गॅलरीत त्यांचं चालणं नेहमी एकाच दिशेनं. पावसाचं पाणी दारात येऊ नये म्हणून ती गॅलरी कठड्याकडे उतरती बांधलेली. मित्रा डावा हात भिंतीवर ठेवून निघायची आणि दारादारांतून चौकशी करत पुढे जायची. जाताना पायी, येताना कुणाच्या तरी कडेवर, असा तिचा रिवाज होता. वाटेत तिचं एक कामही चालायचं. ह्या दारातली एक चप्पल उजव्या हातात उचलायची आणि पुढच्या दारात ठेवायची. तिथली उचलायची, त्याच्या पुढे. दुपारपर्यंत अख्ख्या मजल्यावर एकही जोडी जुळलेली राहत नसे. चौथ्या खोलीतल्या बकुळाबाई एकदा एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात शेजारच्या गौतमची चप्पल घालून लग्नाला गेल्या आणि जेवून परत आल्या तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी मित्राला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी निदान मापाची दे.

मग चाळीच्या मागचा टॉवर पुरा झाला आणि सगळ्यांना तिकडे हलवलं. एकोणिसावा मजला. दत्तारामांनी फरशीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा असा मधोमध थांबला की जणू त्याला कुठेच जायचं नव्हतं. दत्ताराम खूश झाले. मित्रा झाली नाही. इथे दारं बंद होती. चपला लाकडी कपाटांत होत्या आणि दाराबाहेर पादत्राणं ठेवू नयेत, अशी सोसायटीची पाटी लिफ्टशेजारी लावलेली होती. तिचा रोजगारच बुडाला.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, मनालीच्या लक्षात आलं की पोरगी डावीकडे कलून चालते. खोलीच्या मधून चालताना तिचा डावा हात जरासा वर असतो आणि खांदा तिकडे झुकलेला, शेजारून कुणी हळू बोलत असावं तसा. मनालीनं मोबाइलवर व्हिडिओ काढला: पुढे मित्रा, मागे दत्ताराम. ऑफिसातल्या मैत्रिणीनं तो बघून खुब्याच्या हाडाबद्दल काहीतरी सांगितलं आणि मनालीची झोप उडाली. तिनं सासऱ्यांना विचारलं, कधीपासून असं चालते? दत्ताराम म्हणाले, मला तर सरळच दिसते. ते खरं होतं, आणि त्यानंच घोटाळा झाला.

मनाली चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"बाबा, तुम्ही खूप करता तिचं," ती म्हणाली. "पण तुमच्या नजरेतून हे सुटलं. पाळणाघरात चार बायका असतात, एकीच्या तरी लक्षात आलं असतं. शनिवारी डॉक्टरांना दाखवू. मग सोमवारपासूनचं ठरवू."

पाळणाघराचा फॉर्म तिनं आणलाच होता. तो फ्रिजवर चुंबकाखाली लागला. राजरत्न फरशीकडे बघत राहिला. फरशी सपाट होती.

त्या आठवड्यात दत्तारामांनी पोरीला सरळ करायचे सगळे उपाय केले. खांद्यावर लेव्हल ठेवून पाहिली. मित्रानं ती चाखून परत केली. भिंतीलगत चालवली तर ती झोकात चालायची, भिंत संपली की कलायची. बत्तीस वर्षं बोटींचे पाइप दोरी लावून सरळ बसवलेल्या माणसानं आयुष्यातलं शेवटचं काम तिरकं केलं, असा विचार त्यांच्या मनात येऊन बसला तो उठेना. पाळणाघर तळमजल्यावर होतं. सकाळी नऊ ते सहा तिथे तिला सोपवायचं, आणि मग एकोणिसाव्या मजल्यावर मधोमध थांबलेल्या बुडबुड्यासारखं बसून राहायचं.

शनिवारी तिघं दादरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखाना पहिल्या मजल्यावर. चपला बाहेर काढायच्या होत्या आणि गर्दी बरीच होती. उंबऱ्यापाशी चपला, सँडल, बूट, एक कुबडी असा ढीग पडला होता. कडेवरून आत जाताना मित्रानं त्या ढिगाकडे वळून पाहिलं. दत्तारामांना ते दिसलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

डॉक्टरांनी तिचे पाय वाकवले, फिरवले, मोजले. मित्रानं ते सरकारी तपासणीसारखं होऊ दिलं. मग त्यांनी तिला खाली उभी केली आणि चालून दाखव म्हणाले. ती बसली. किल्ल्या वाजवल्या, नाय. बिस्कीट दाखवलं, बिस्कीट घेतलं आणि नाय. मनालीचं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाले, जरा बाहेर फिरवून आणा, दार उघडंच ठेवतो.

बाहेर येताच मित्रा दत्तारामांच्या कडेवरून सरसर खाली उतरली आणि थेट ढिगापाशी पोचली. दोन महिन्यांचा उपास होता. एका चपलेवर भागणारं नव्हतं. तिनं उजव्या हातात एक पुरुषी कोल्हापुरी घेतली, डाव्या हातात सोनेरी पट्ट्याची एक बायकी सँडल घेतली, आणि निघाली. दत्ताराम सवयीनं तिला अडवायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. दोन्ही हात गुंतलेले होते. भिंत धरायला एकही मोकळा नव्हता. आणि पोरगी ओळंब्यासारखी सरळ चालत होती.

रांगेतल्या सगळ्यांच्या पायांमधून ती डॉक्टरांच्या खोलीत गेली, सँडल त्यांच्या टेबलाखाली ठेवली, कोल्हापुरी मनालीच्या पर्सवर ठेवली आणि पुढच्या मालासाठी परतली. मागून दत्ताराम. अशा तीन खेपा झाल्या. डॉक्टर चष्म्यावरून बघत होते. बाहेर एक गृहस्थ एका पायावर उभे राहून दुसरी चप्पल शोधत होते.

"पोरीला काही नाही," डॉक्टर म्हणाले. "चालायला कुठे शिकली ही?"

दत्तारामांनी गॅलरीचं सांगितलं. उतार, भिंत, डावा हात, येताना कडेवर. सांगताना त्यांनी टेबलावर पंजा तिरका धरून दाखवला.

"आणि तुम्ही त्या गॅलरीत किती वर्षं काढलीत?"

"एकोणसाठ."

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

मनालीनं पर्सवरची चप्पल बाजूला करून मोबाइल काढला आणि व्हिडिओ पुन्हा लावला. पुढे मित्रा होती, डावीकडे कललेली. मागे दत्ताराम होते, तितकेच, त्याच बाजूला, तोच हात जरासा वर. इतके दिवस तिनं फक्त पुढचं माणूस पाहिलं होतं. तिनं ओढणी तोंडाला लावली. हसू दाबायला लावली होती, पण ती तिनं नंतर डोळ्यांनाही लावली.

संध्याकाळी मनालीनं फ्रिजवरचा फॉर्म काढला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर भाजीची यादी लिहिली: मेथी, टोमॅटो, बाबांना केळी.

सोमवारी ती कामाला गेल्यावर दत्तारामांनी आपल्या चपला कपाटातून काढून दाराबाहेर ठेवल्या. लिफ्टशेजारच्या पाटीला त्यांनी पाठ दाखवली. मग मधली तीन दारं ओलांडून, इथेही त्याच मजल्यावर आलेल्या बकुळाबाईंच्या दारातही दोन जुन्या सपाता ठेवून आले. मित्रा बाहेर आली. तिनं दोन्ही टोकांचा अंदाज घेतला, दोन्ही हात भरले आणि कामाला लागली.

ती पलीकडे पोचल्यावर दत्तारामांनी इकडेतिकडे पाहिलं. मजल्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी कपाटातून आणखी दोन सपाता काढल्या, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, आणि पॅसेजच्या बरोबर मधून, खांदे सांभाळत, सावकाश चालायला सुरुवात केली. तेवढ्यात बकुळाबाईंचं दार उघडलं.

"काय हरवलं काय, दत्ताराम?"

"नाय," दत्ताराम म्हणाले, आणि पुढचं पाऊल टाकलं.