जाळीवरचे खण

देवीवरचा माझा विश्वास त्या उन्हाळ्यात जवळजवळ उडालाच होता. चारचौघींत हात जोडायचे, पण आत काही हलायचं नाही. आमच्या जाईला जन्मापासून घाम येत नाही. अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत, असं नांदेडच्या डॉक्टरांनी ती लहान असतानाच सांगितलं होतं. दात विरळ, केस जावळासारखे, बाकी पोर चुणचुणीत. पण ऊन लागलं की तिचं अंग तव्यासारखं तापायचं, आणि घामच नाही म्हटल्यावर ताप उतरणार कसा? डॉक्टर म्हणाले, हिला गार ठेवा, दुसरं औषध नाही. वैशाखात आमच्या कुरुंद्यात गार कशानं ठेवायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मग एका वर्षी हळद चांगली झाली, तेव्हा ह्यांनी एसी असलेली एक जुनी गाडी आणली. हळद उकडता उकडता आता यांनाच उकडायला लागलं, असं म्हणून गाव हसलं. हसू दे म्हटलं.

गाडी दारात आली त्याच दिवशी सासूबाईंनी मरीआईच्या ओटीतला हिरवा खण गाडीच्या तोंडावरच्या जाळीला बांधला. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. पोरीचा एक उन्हाळा सुखरूप गेला की बाई आणखी एक खण बांधायच्या. नणंदांनी बांधले, माझ्या आईनंही एक बांधला. होता होता जाळी दिसेनाशी झाली. इकडे एसीचा गारवा मात्र दरसाल कमी होत गेला. गाडी पळती असली की थोडं बरं वाटायचं, उभी राहिली की नुसती कोमट वाफ. वसमतच्या मेकॅनिकनं गॅस भरला, पट्टा बदलला, पुन्हा गॅस भरला. तो खणांना नमस्कार करायचा आणि बॉनेट उघडून वरूनच हात घालायचा. ते सोडायचं त्याला सुचलं नाही, आम्हालाही नाही. मी मनात म्हणायचे, देवी पोरीला राखते की गाडीला, ते तरी एकदा कळू दे.

त्याच उन्हाळ्यात माझ्या भावाच्या लग्नाला आम्ही कळमनुरीला गेलो होतो. तिथं मांडवात जाईचं अंग तापलं. पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, तरी ताप चढतच गेला आणि पोरगी बडबडायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, थांबू नका, नांदेडला न्या. भर दुपारी निघालो. हे गाडी चालवत होते, बाई पुढे बसलेल्या, मी मागे पोरीला मांडीवर घेऊन. वारंगा फाट्याच्या अलीकडे पुढे ट्रक आडवा झालेला, मागेपुढे गाड्यांच्या रांगा. गाडी उभी राहिली आणि एसीनं मान टाकली. काचा उघडाव्यात तर बाहेर भट्टी, लावाव्यात तर आत कोंडमारा. बाटलीतलं पाणी मी पोरीच्या डोक्यावर थापत होते. तिची बडबड थांबली. आधी मला बरं वाटलं, मग लक्षात आलं की ती शुद्धीवर नाही. त्या वेळी मी देवीला शिव्या दिल्या, हे खोटं कशाला सांगू?

बाईंनी माझ्या हातातली बाटली मागितली. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया मरीआईवर घागरी ओततात, तिची उष्णता उतरावी म्हणून. बाई दार उघडता उघडता म्हणाल्या, "देवी तापून राहिली. तिला पाणी घालते." पोर जातेय आणि ही म्हातारी कापडांना आंघोळ घालतेय, म्हणून माझा जीव जळाला. त्यांनी गाडीपुढे जाऊन हात जोडले आणि ती बाटली खणांवर रिकामी केली. खालून पिवळंधमक पाणी वाहिलं. आमच्या खळ्यावर हळद घासण्याचा ड्रम फिरतो, त्याच्याशेजारीच, त्या पिवळ्या धुळीत गाडी उभी असायची. बाईंनी त्या पाण्याला भंडारा समजून कपाळाला लावलं. तेवढ्यात हे आतून म्हणाले, "गार येतंय." मी पुढे हात नेला. खरंच येत होतं. पाणी सुकलं तसं ते पुन्हा कोमट झालं.

आमच्या मागे तांड्यावरच्या लग्नाला पाण्याचे ड्रम घेऊन चाललेला एक टेम्पो होता. त्याच्या ड्रायव्हरनं सगळं पाहिलं होतं. आम्ही मागायच्या आत त्यानं ड्रम खाली घेतला. वऱ्हाडाचं पाणी आहे, असं बाई म्हणाल्या, तर तो म्हणाला, "वऱ्हाड थांबंल. लेकरू कसं थांबंल?" तो तांब्यानं ओतू लागला. आतपर्यंत पाणी जावं म्हणून बाईंनी खणांची थप्पी वर उचलली, तर मागे जाळीवर हळदीचा जाड थर. कापडानं वारा अडला होता आणि कापडाआड धूळ साचली होती. बाई म्हणाल्या, "आईची वाट आपणच अडवून धरली. आता काहून धरायची?" गाठी कडक झाल्या होत्या, त्या त्यांनी दातांनी सोडल्या. मग एकेक खण ड्रममध्ये बुचकळला आणि मागे येऊन पोरीच्या अंगावर पसरला. पुढून गार वारा आला आणि ओल्या खणांवरून गेला. रस्ता सुटायच्या आधी जाईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. ओल्या कापडांनी घामाचं काम केलं, असं ते म्हणाले. एसी आतली उष्णता त्या जाळीवाटे बाहेर टाकतो, म्हणून तिच्यावर पाणी पडलं की गारवा वाढतो, हे पुढे मेकॅनिकनं जाळी धुताना समजावलं. त्यानंतर एसीची तक्रार राहिली नाही. ते सगळं मला पटलं. पण भर रस्त्यात बाईंच्या हाताला ते कुणी सुचवलं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारत बसले नाही. टेम्पोवाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं. त्याच्या नावानं दर वैशाखात फाट्यावर पाण्याचा माठ भरून ठेवतो, एवढंच हातात आहे.

बाई आता नाहीत. जाई मोठी झाली, शाळेत शिकवते. मी अजून मरीआईची ओटी भरते, पण खण कुठं बांधत नाही. देवीला दाखवते, तिच्याच पायाशी पाण्यात भिजवते आणि पोर उन्हात निघाली की तिच्या खांद्यावर टाकते.