घर छान आलंय

माझ्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. लेन्सचं छिद्र किती मोठं ठेवायचं ते आपण ठरवायचं, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो. छिद्र बारीक केलं की जवळचं-लांबचं सगळं रेखीव येतं, पण शटर जास्त वेळ उघडं राहतं. तेवढा वेळ समोरच्या माणसाने हलायचं नाही.

नवं घर बांधलं तेव्हा एका संध्याकाळी मी बाबांना फाटकाशी उभं केलं आणि स्टँडवर कॅमेरा लावला. मागचं घर गच्चीच्या कठड्यापर्यंत नीट यायला हवं होतं, म्हणून छिद्र सगळ्यांत बारीक केलं. कंपवाताने बाबांचे हात आणि मान सारखी थरथरत असे.

"बाबा, दोन सेकंद तरी स्थिर राहा ना!" मी खेकसलो.

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात घट्ट दाबून धरला.

फोटो धुऊन आला. घराची जाळी न् जाळी दिसत होती. बाबांच्या चेहऱ्याच्या जागी एक फिकट, फरफटलेला डाग होता. छिद्र मोठं ठेवलं असतं, तर ते बरेच स्पष्ट आले असते आणि घर धूसर. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुला काय हवंय, एवढंच कॅमेरा विचारतो. मी उत्तर दिलं होतं.

बाबांनी तो फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"घर छान आलंय," ते म्हणाले.

"हो ना!" मी म्हटलं आणि भिंतीत खिळा ठोकायला घेतला.